खर्च फार, चाल मंद

शास्त्रवाचन : हाग्गय १:१-१५



हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक अवघ्या दोन अध्यायांचे आहे. पण मंडळीचा हिशेब तपासणारे इतके स्पष्ट पुस्तक पवित्र शास्त्रात क्वचितच आढळेल. ख्रिस्तपूर्व ५२० साल, दारयावेश राजाच्या कारकिर्दीचे दुसरे वर्ष. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिराचा पाया घातला होता, पण काम पुढे सुमारे सोळा वर्षे थांबून राहिले. अजून योग्य काळ आला नाही, असे ते म्हणत. मेहनत मात्र थांबली नव्हती. बी पुष्कळ पेरीत, पीक थोडे येई. जेवत, पण पोट भरत नसे. मजुरी मिळे, पण ती जणू भोके पडलेल्या पिशवीत जाई. अशा लोकांना प्रभू एकदा नव्हे, दोनदा सांगतो की, आपण कसे चालत आहोत याचा नीट विचार करा.

खर्च वाढला आणि चाल मंदावली, ही तक्रार आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात निराळ्या कारणाने नेहमी ऐकू येते. ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. तरी जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या कोणी कोणी जपून ठेवल्या आहेत. त्यांचे मालक मिस्त्रीकडे येऊन एकच वाक्य बोलतात : "गाडी पिकअप घेत नाही आणि ॲव्हरेजही देत नाही." सपाट रस्त्यावर हे झाकून जाते. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघून सिल्लेवानीचा घाट लागला, म्हणजे गाडीचे खरे रूप उघडे पडते.

अशा वेळी मालकाला दोन गोष्टी सुचतात. एक, ॲक्सिलरेटर आणखी दाबावा. दुसरी, इंजिनच उतरवून टाकावे. चांगला मिस्त्री यांतले काहीच करीत नाही. तो आधी विचारतो, पेट्रोल जळते आहे ना? मग त्याची शक्ती जाते कुठे? आणि साध्या, बिनखर्चाच्या तपासणीपासून आरंभ करतो. मंडळीच्या कामातही हीच रीत आम्हांस उपयोगी वाटते. वर्गणी वाढली, सभा वाढल्या, पण रविवारी बाके रिकामी. तेव्हा कोणी म्हणतो आणखी सभा घ्या, कोणी म्हणतो पाळक बदला, पंचमंडळ बदला. तपासणी मात्र कोणी करीत नाही. ती आपण क्रमाने करू या.

पहिली गोष्ट, हवा. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. एअर फिल्टर धुळीने बुजला किंवा चोक ओढलेलाच राहिला, तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे होते. धूर काळा येतो. प्लग काढून पाहिला, तर त्याचे टोक फिकट तपकिरी असावयाचे ते काजळीने माखलेले असते, आणि ठिणगी दुबळी पडते. इथे पेट्रोल वाढविल्याने काजळीच वाढते. जुन्या करारात आत्म्यासाठी आलेला इब्री शब्द 'रूआह' हाच वारा आणि श्वास यांसाठीही येतो. आमचे वार्षिक कार्यक्रम पुष्कळ आहेत. त्यांच्या तयारीच्या बैठकाही पुष्कळ. त्या बैठकीत प्रार्थनेला किती वेळ दिला जातो? आरंभी एक मिनिट आणि शेवटी एक मिनिट असेल, तर धूर काळा का येतो हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, क्लच. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. अशी गाडी नुसती रेस होते. इंजिनात दोष नाही. प्लेट झिजून घसरते, म्हणून शक्ती चाकापर्यंत पोचत नाही. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:२२) वचन केवळ ऐकणाऱ्यांना इशारा दिला आहे, तो याच घसरणीबद्दल. रविवारी गायन उत्तम होते, संदेशही उत्तम होतो. पण सोमवारी एखाद्या विधवा भगिनीच्या पेन्शनचा कागद घेऊन कचेरीत तिच्याबरोबर कोणी जात नाही. मग ते गायन कोणत्या चाकाला लागले?

तिसरी गोष्ट, ब्रेक. इंजिन चांगले, क्लच चांगला, तरी गाडी जड चालते. मिस्त्री थोडे अंतर चालवून थांबतो आणि चारही चाकांजवळ हात नेतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेले असते. जॅक लावून ते हाताने फिरवू पाहतो, तर मोकळे फिरत नाही. कारण ब्रेक सुटतच नाही. टायरात हवा कमी असली, तरी गाडी अशीच ओढ घेते. मंडळीत एखादे जुने भांडण असेच चिकटून राहते. जागेच्या वादावरून दोन घरे बोलेनाशी झाली; त्यांची मुले एकाच शब्बाथशाळेत शेजारी बसतात, पण वडील मंडळी प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांची नजर चुकवितात. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूने दानार्पणाच्या आधी समेट ठेवला आहे. तो क्रम आम्ही उलटा केला, तर चाक तापणारच. बंधूंनो, हे चाक आमच्यातील कोणत्या घरचे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. हात लावण्याचे धैर्य मात्र कोणाजवळ नसते.

चौथी गोष्ट जपून बोलावयाची आहे. कधी धूर निळसर येतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आणि ऑइल जळू लागले, याची ती खूण आहे. अशा गाडीने पुष्कळ वाट चालून झालेली असते. मंडळीतील म्हातारी, आजारी माणसे पूर्वीसारखी धावत नाहीत, म्हणून त्यांना कोणी दोष देऊ नये. झीज म्हणजे पाप नव्हे. पौलाने २ करिंथ ४:१६ मध्ये बाहेरच्या झिजण्याबरोबरच आतल्या रोजच्या नवेपणाचीही साक्ष दिली आहे. त्यांच्यावर ओझे कमी घालावे आणि त्यांच्या प्रार्थनेची किंमत ओळखावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना. ॲव्हरेज अंदाजाने सांगता येत नाही. टाकी पूर्ण भरावी, नेहमीच्या रस्त्याने दीडशे किलोमीटर चालवावे आणि पुन्हा पूर्ण भरावी. दहा लिटर लागले, तर ॲव्हरेज पंधरा. तसेच एक महिना वहीत लिहून पाहा : किती मुले आली, न आलेल्या किती मुलांच्या घरी आपण गेलो, आणि किती मुलांची नावे घेऊन प्रार्थना केली. पहिला आकडा कमी का, हे पुष्कळदा पुढच्या दोन आकड्यांत सापडते.

आता पुन्हा हाग्गयाकडे वळू. लोकांनी दोष मान्य केला, तेव्हा आपण त्यांच्याबरोबर आहोत असे प्रभूने त्यांना आश्वासन दिले. मग त्याने जरुब्बाबेलाचा, यहोशवा याजकाचा आणि उरलेल्या सर्व लोकांचा आत्मा जागा केला. तिथे पुन्हा तोच शब्द आहे, रूआह. संदेश महिन्याच्या पहिल्या दिवशी आला आणि चोविसाव्या दिवशी कामाला हात लागला. सोळा वर्षांची मंदी तेवीस दिवसांत मोडली, आणि ख्रिस्तपूर्व ५१५ च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले.

मिस्त्री दूर उभा राहून गाडी दुरुस्त करीत नाही. तो तिच्याखाली धुळीत आडवा होतो. आमचा तारणारा आमच्यासाठी त्याहूनही खाली उतरला, वधस्तंभापर्यंत उतरला. म्हणून त्याच्या हाती तपासणीला जाण्यास भिऊ नये. तो दोष दाखवितो तो गाडी मोडीत काढण्यासाठी नव्हे.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या मंडळीत जे चाक तापले आहे त्यावर तू आपला हात ठेव, आणि आमचा अडकलेला श्वास मोकळा कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.