दुसरा गोलकीपर

पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारत दहा जणांनिशी खेळला. ग्रेट ब्रिटनशी १-१ बरोबरी झाली, शूटआउट आपण ४-२ने जिंकलं. गोलमध्ये होता पी. आर. श्रीजेश. पुढे स्पेनला हरवून कांस्यपदक मिळालं, श्रीजेश निवृत्त झाला आणि सीनियर संघातली त्याची १६ नंबरची जर्सीही हॉकी इंडियानं निवृत्त केली.

त्या १६ जणांच्या संघात गोलकीपर एकच होता. कृष्ण बहादुर पाठक राखीव म्हणून पॅरिसला गेला होता. प्रश्न त्याच्यासारख्यांचा आहे: ज्याला संधी मिळाली नाही, तो कमी लायक होता असं म्हणता येतं का?

हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, दुसरा आत जातो. गोलकीपरची जागा मात्र सहसा पूर्ण ६० मिनिटं एकाचीच. पहिल्या आणि दुसऱ्याच्या कौशल्यात थोडाच फरक असला, तरी एकाला सगळा खेळ मिळतो आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. मग सामन्यांचा अनुभव नाही म्हणून तो मागे, आणि मागे आहे म्हणून सामने नाहीत.

श्रीजेशनंही हे भोगलंय. पदार्पण २००६चं; पण त्याच्यापुढे मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, भरत छेत्री होता. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छेत्री कप्तान होता. इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध शूटआउट जिंकून देणारा श्रीजेश लोकांना दिसला तो २०१४मध्ये. २०१७मध्ये त्याचा गुडघा दुखावला. ढाक्यातला आशिया चषक भारतानं त्याच्याशिवाय जिंकला. तेव्हा संघात गोलकीपर होते यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. बरा झाल्यावर श्रीजेश परतला.

यात अन्याय झाला का? मला नाही वाटत. निवडकर्त्यांची बांधिलकी संघाशी असते आणि सर्वांत भरवशाचा माणूस निवडणं योग्यच. गडबड त्यानंतर होते. ‘कुणाला निवडावं’ याचं उत्तर आपण ‘कोण किती लायक’ याचं उत्तर म्हणून वापरतो. एमपीएससीच्या यादीत एका मार्कानं राहिलेल्या मुलाला नातेवाईक हेच ऐकवतात: मेहनत करणाऱ्याला फळ मिळतंच. ऐकायला धीर देणारं वाक्य आहे, पण त्याचा उलटा अर्थ क्रूर आहे. फळ नाही, म्हणजे मेहनतच केली नसणार!

जागा एकच असेल तर कुणीतरी बाहेर राहणारच, सगळ्यांनी सारखाच घाम गाळला तरी. निवड बरोबर आणि बाहेर राहिलेलाही लायक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे मान्य करणं, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

जागेवर बसलेल्याचंही काही देणं असतं. श्रीजेशनं पॅरिसच्या आधीच निवृत्ती जाहीर केली होती. नंतर तो ज्युनियर संघाचा कोच झाला आणि त्या मुलांनी डिसेंबर २०२४मध्ये मस्कतला आशिया चषक जिंकला. सीनियर संघातली जागाही आता मोकळी झाली होती. पाठक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.