संचयी

अभियांत्रिकीच्या गुणपत्रिकेत ‘सीजीपीए’चा आकडा असतो. त्यातला ‘सी’ म्हणजे संचयी, सत्रागणिक साचत आलेला. पहिल्या सत्रात ६ आणि पुढच्या सातही सत्रांत ८ मिळाले, तर श्रेयांक सारखे धरून सरासरी येते ७.७५. पहिले ६ पुसले जात नाहीत, पण त्यांचा वाटा एक अष्टमांश उरतो. संचयाची ही बाजू आपण सहसा पाहत नाही. बेरीज फुगते तेव्हा आधीच्या प्रत्येकाचा हिस्सा आक्रसत असतो.

हैदराबादच्या नारायणगुड्यात हे चक्क पाटीवर वाचता येते. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मराठवाड्याचे. हैदराबादेत त्यांनी वकिली केली, पुढे निजामाच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले. १९०७ची विवेकवर्धिनी शाळा उभारणाऱ्यांतही ते होते. १९३२ साली ते वारले आणि १९४० मध्ये त्यांच्या नावाने नारायणगुड्यात केशव मेमोरियल संस्था निघाली. शाळेमागून महाविद्यालये आली, २००७ मध्ये अभियांत्रिकीचे केएमआयटी आले. इमारती वाढत गेल्या आणि नाव झिजत गेले. आडनाव आणि हुद्दा तर संस्थेच्या नावातच आले नव्हते. आता ‘केशव’चाही नुसता ‘के’ झाला आहे.

याला कृतघ्नपणा म्हणायला मी तयार नाही. वापरातली नावे आखूडच होतात. माझी तक्रार सरासरीच्या हिशेबाबद्दल आहे. तिला सगळी सत्रे सारखी. पहिले उचलून पाचव्या जागी ठेवले तरी उत्तर तेच. संस्थेत अशी अदलाबदल चालत नाही. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही जिथे उर्दू माध्यमाचे होते, त्या हैदराबाद संस्थानात लोकांनी आपल्या बळावर विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा काढणे हा आठातला एक हिस्सा नव्हे. पुढचे सात त्यावर उभे राहतात.

आणि झीजही संचयीच असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून तुटून मुंबई राज्यात गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. ही तारीख पाठ्यपुस्तकात सापडते. त्यानंतर इथल्या मराठी घरांनी एकेक करून मुलांना इंग्रजी शाळेत घातले, त्याला तारीख नाही. प्रत्येक घराचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. संस्थांच्या अहवालांत नव्या तुकड्या कधी सुरू झाल्या ते अभिमानाने छापतात. मराठीची पटसंख्या कोणत्या वर्षी किती उतरली, हा रकानाही त्याच पानावर असायला हवा.