गुरुवारचे चिंतन : आकाशातला उजेड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या पंधरवड्यात आपल्या परिवाराच्या बहुतेक ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरला. रात्रीचं आकाश, त्यात एका ओळीत सरकणारे वीस-पंचवीस दिवे, आणि मागून कुणाचा तरी "अगं बघ, बघ" असा आवाज. खाली मजकूर होता की सद्गुरूंची पालखी आकाशमार्गाने निघाली आहे, दर्शन घ्या आणि अकरा जणांना पाठवा. वडोद्याहून बेळगावला, तिथून हैदराबादला, आणि फिरून इंदूरला माझ्या एकटीच्या फोनवर तो सात वेळा आला. एका ग्रुपवर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने साधं एक वाक्य लिहिलं, "हे स्टारलिंकचे उपग्रह आहेत." त्यावर मोठ्या माणसांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नास्तिक काय, चार बुकं शिकल्याचा माज काय! मुलगा ग्रुप सोडून गेला. हा मुलगा उत्सवात पंगतीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढायला उभा असतो, बरं का. त्याची आई माझ्याशी फोनवर बोलताना रडली.

म्हणून आज ठरवलेला विषय बाजूला ठेवून आकाशातल्या उजेडाबद्दलच लिहिते आहे.

आधी त्या व्हिडिओचं. मुलगा म्हणाला ते बरोबर आहे. मे 2019 मध्ये एका अमेरिकन कंपनीने पहिल्यांदा साठ इंटरनेट उपग्रह एकदम सोडले, आणि तेव्हापासून असे गठ्ठे सतत वर जात आहेत. सोडल्यानंतर थोडे दिवस ते एकामागे एक, अगदी जपमाळेतल्या मण्यांसारखे दिसतात. मग हळूहळू पांगतात आणि वर साधारण साडेपाचशे किलोमीटरवर जाऊन आपापली जागा घेतात. त्यांना स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण तितक्या उंचीवर अजून ऊन असतं, ते त्यांच्यावर पडून चमकतं. म्हणून ते दिवेलागणीनंतर किंवा पहाटे दिसतात. मध्यरात्री बहुधा नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग बघणारे सगळे खोटं बोलतात का? मुळीच नाही. इथेच तर सगळी गंमत आहे.

2 एप्रिल 2022 आठवतो का? शनिवार होता आणि गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या इंदूरपासून झाबुआ, बडवानी, खरगोनपर्यंत, आणि तिकडे जळगाव, अकोला ते पार नागपूर-चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशात जाळ सरकताना पाहिला. एक मोठा, त्याच्या मागे लहान लहान, लांबच लांब शेपट्या. आम्हीही गच्चीवरून पाहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, विमान पेटलं. खालच्या मजल्यावरच्यांनी हात जोडले. वरची मुलं ओरडत होती, एलियन, एलियन! आमच्या यांनी फक्त घड्याळ पाहिलं. (ते बँकेत होते, सवय जात नाही.) उल्का असाव्यात असंही त्या रात्री जाणकारांनी म्हटलं.

त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सणाच्या जेवणाची तयारी चालली होती. आकाश लाल झालं, धाडकन आवाज झाला, आणि माणसं जीव मुठीत धरून घरात पळाली. बाहेर येऊन बघतात तर मोकळ्या जागेत दोन-तीन मीटर रुंदीचं लोखंडी कड्यासारखं काहीतरी पडलेलं. आसपासच्या गावांतून धातूचे पोकळ गोळेही सापडले. देवाची कृपा, कुणाला इजा झाली नाही. पुढे अंतराळातल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांनी माग काढला. फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या चँग झेंग 3 बी या रॉकेटचा तो वरचा टप्पा. वर्षभराहून जास्त पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याच्या रात्री वातावरणात शिरून जळत तुटत खाली आला.

उल्का आणि हे, यातला फरक साध्या डोळ्यांनी कळतो. आकाशातला धोंडा फार वेगाने येतो, सेकंदाला अकरा किलोमीटर ते सत्तरच्याही वर. म्हणून तो दोन-तीन सेकंदांत संपतो. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला जेमतेम आठ किलोमीटरने, आडवी येते. म्हणून तो जाळ सावकाश, मिरवणूक निघावी तसा गेला. गच्चीवरच्या कितीतरी जणांनी सांगितलं, "अगदी आमच्या डोक्यावरून, टाकीला लागून गेला." खरं तर तो कित्येक किलोमीटर उंचावर होता, नाहीतर इंदूर आणि नागपूर दोन्हीकडून एकच जाळ कसा दिसला असता? आकाशात झाड नाही, खांब नाही, कशाशी ताडून बघायला काहीच नाही. त्यामुळे डोळ्याला लांबी-रुंदी कळतच नाही, आणि मन ती भरून काढतं.

दोरी आणि सापाचा दृष्टांत आपण प्रत्येक वेदान्ताच्या पाठात ऐकतो आणि माना डोलावतो. पण त्यात डोळ्याचा दोष सांगितलेला नाही, हे नीट पाहा. डोळ्याने लांब, वेटोळं, काळसर असं काही पाहिलं ते खरंच होतं. "साप" हा शब्द मनाने घातला. त्या रात्री आकाशात उजेड होता, हे शंभर टक्के खरं. विमान, देव, एलियन हे शब्द आपण आपापल्या घरातून नेले. ज्याच्या घरात जो शब्द, तो त्याला दिसला.

शब्द कसा काम करतो ते बघा. 24 जून 1947 रोजी अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियर डोंगराजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. त्याने सांगितलं की त्यांची चाल पाण्यावर फेकलेल्या बशीसारखी होती, टप्पे घेत जाणारी. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी त्याची "उडती बशी" केली, आपल्याकडे ती "उडती तबकडी" झाली. आणि मग जगभर लोकांना बशीच्या आकाराच्या वस्तू दिसायला लागल्या! आपल्या कोकणातल्या आजीला अंधारात रानातून सरकणारे पलिते दिसले तर ती वेताळाची पालखी असायची. उजेड तसाच, नाव ज्याच्या त्याच्या गावचं.

सगळ्यात मला भावलेली गोष्ट लडाखमधली आहे. 2012-13 साली पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या जवानांना सीमेपलीकडून वर चढणारे दिवे दिसत होते. एकदोनदा नाही, तीनशेहून अधिक वेळा. चीनचे टेहळणीचे ड्रोन असावेत असा संशय होता. विचार करा, केवढी जोखीम! तिथे घाईने एक गोळी सुटली असती तर? पण जवानांनी काय केलं, तर महिनोन्महिने वही ठेवली. किती वाजता दिसला, कुठल्या दिशेला, किती वर, केव्हा मावळला. ती माहिती बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांसमोर गेली. ते दिवे निघाले गुरू आणि शुक्र. उंचावर हवा विरळ आणि स्वच्छ, त्यामुळे ग्रह इतके तेजस्वी दिसतात की दिवा वाटावा. आपण गुरुवारी ज्याचं नाव घेतो तोच गुरू तिथे शत्रू म्हणून नोंदला जात होता.

जवानांना मी साक्षी म्हणते ते यासाठी. साक्षी म्हणजे दिसलं ते पदरचं न घालता ठेवणारा. ध्यानात बसल्यावर आपल्याला हेच करायला सांगितलं जातं ना? विचार आला, आला. उजेड दिसला, दिसला. मग आकाशाकडे बघताना तो नियम का सुटावा?

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये आकाशही आहे आणि पतंगही. आकाशातून ढग जातात, धूळ जाते, आकाशाला काही चिकटत नाही. पतंग मात्र ज्योत दिसली की झेपावतो आणि जळतो. चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झेप घेणं म्हणजे भक्ती, असं पतंगाला वाटत असेल, पण दत्तगुरूंच्या परंपरेत तो सावध करणारा गुरू आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायातही विश्वरूपाचं तेज पाहून अर्जुन हरखून गेला, पण लगेच घाबरला, आणि त्याने नेहमीचं सौम्य रूपच परत मागितलं. अर्जुनाची ही कथा! आणि आपण अकरा जणांना फॉरवर्ड करतो.

एका काकांनी मला विचारलं, मग पुष्पक विमान आणि तुकोबांचं वैकुंठगमन यांनाही तुम्ही रॉकेट म्हणणार का? काका, नाही म्हणणार. तुकाराम बीजेला देहूत जमणाऱ्या माणसांचा भाव कुणाच्या मोबाइलच्या व्हिडिओवर उभा नाही. त्यांच्या हातात गाथा आहे. श्रद्धेला पुरावा लागत नाही म्हणतो, तर मग श्रद्धेच्या नावाने खोटा पुरावा तरी कशाला जोडायचा?

सगळ्याच दिव्यांचा उलगडा होतो असंही नाही, हे मुलांनी ऐकावं. अमेरिकेच्या हवाई दलाने 1969 पर्यंत अशा 12,618 नोंदी तपासल्या, त्यातल्या 701 उलगडल्या नाहीत. नासाच्या समितीने 2023 मध्ये अहवाल दिला. परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला नाही, पण नीट मोजलेली माहितीच फार थोडी आहे, असं त्यात म्हटलं. आपल्या गुजरातमध्ये कच्छच्या बन्नी भागात रात्री दिसणारी "चिर बत्ती" पिढ्यान्‌पिढ्या लोक पाहत आले आहेत. कुणी दलदलीतला वायू म्हणतं, पण सगळ्यांना पटेल असं उत्तर नाही. "उलगडलं नाही" याचा अर्थ तेवढाच. त्या रिकाम्या जागेत ना एलियन बसवायचा, ना आपला गुरू.

आता हे सगळं मी का लिहिते, ते सांगते. ग्वाल्हेरच्या आपल्या एक भगिनी आहेत, नाव लिहीत नाही. यजमान जाऊन महिना झाला होता. संध्याकाळी साडेसातला त्या गच्चीवर वाळवण उचलायला गेल्या. वायव्येकडून एक मोठा तारा वर चढला. आवाज नाही, लुकलुक नाही. माथ्यावर आला, थोडा पुढे सरकला आणि मंद होत होत भर आकाशात विझला. आजूबाजूला ढग नव्हता. त्यांच्या मनात एकच आलं, "हे आले होते, आणि मध्येच अडकले." ओळखीतल्या कुणीतरी लगेच सांगितलं की जीव अडकला आहे, शांत करावी लागेल, एकवीस हजार लागतील. बाईंनी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. झोप नाही, जेवण नाही. चार दिवसांनी मला फोन केला.

मी त्यांना वार, वेळ, दिशा विचारली आणि तो कागद ग्रुप सोडून गेलेल्या त्याच मुलाला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, त्यात सहा-सात माणसं राहतात. पूर्वेकडे जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं की ऊन संपतं, म्हणून मधेच विझल्यासारखं दिसतं. पुढे ग्वाल्हेरवरून केव्हा जाणार तेही त्याने मिनिटासह लिहून दिलं. त्या संध्याकाळी बाई नातीला घेऊन गच्चीवर उभ्या राहिल्या. ठरल्या मिनिटाला तारा उगवला आणि सांगितल्या जागी मावळला. नात टाळ्या वाजवत होती.

बाईंचा फोन आला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते हे नव्हते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या रडल्या, पण आधीसारख्या घाबरून नाही. आम्ही फोनवरच अकरा माळा केल्या. पाटल्या परत हातात आहेत.

दोन निरोप. ज्या मोठ्यांनी त्या मुलाला लिहिलं त्यांनी स्वतः त्याला फोन करावा. हे काम ॲडमिनवर टाकू नये. आणि यापुढे आकाशात काही दिसलं तर व्हिडिओबरोबर तारीख, वेळ, गाव, दिशा आणि किती मिनिटं दिसलं एवढं लिहावं. नाव आपण लावू नये. ते पाहायला तो मुलगा तयार आहे, मी विचारलं आहे.

पुढच्या गुरुवारी आरतीनंतर चोवीस गुरूंपैकी समुद्र आणि पतंग यांचं वाचन आहे. इंदूर केंद्रात सतरंज्या गच्चीवरच टाकू, शाली आणाव्यात.

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥