दगडू, कोकुमो आणि नकुशी

नागपूर हे वारांच्या नावांचं शहर आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या दिवशी जिथे बाजार भरे, त्या दिवसाचं नाव त्या जागेला चिकटलं आणि आठवडी बाजार मोडला तरी राहिलं. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडून या शहरात येणाऱ्या माणसांची नावंही कितीतरी वर्षं याच रीतीची होती: सोमाजी, मंगरू, बुधाजी, सुकरू, शनिराम. आईला तारीख ठाऊक नसे, पण वार पक्का लक्षात असे, कारण त्या दिवशी अमुक गावचा बाजार होता. पश्चिम आफ्रिकेत घाना देशातल्या अकान लोकांची हीच रीत आहे. क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला, कोफी म्हणजे शुक्रवारचा. क्वामे एन्क्रुमा त्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले, कोफी अन्नान संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले, आणि दोघांनीही आपापला वार नावात अभिमानाने वागवला. आपल्याकडे मात्र सुकरू शाळेत गेला की गुरुजी त्याचा सुरेश करून टाकत.

जन्माच्या परिस्थितीवरून नाव ठेवण्याची सगळ्यात विस्तृत व्यवस्था बहुधा नायजेरियातल्या योरुबा लोकांची असावी. जुळ्यांपैकी आधी आलेला तायवो, मागून आलेला केहिंदे. केहिंदेलाच थोरला मानतात. जग कसं आहे ते बघून ये म्हणून त्याने तायवोला पुढे धाडलं, अशी समजूत. जुळ्यांच्या पाठीवरचं मूल इदोवू. पायाळू जन्मलेलं मूल इगे. आजोबा वारल्यानंतर घरात मुलगा झाला तर बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले. यातली बरीच नावं आईबाप ठेवत नाहीत. मूल ती वरूनच घेऊन येतं असं मानतात. आपल्याकडेही पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं, त्याच्यावर वीज पडते, असं म्हणत. पण ती त्याची ओळख राहिली, नाव झालं नाही. आपलं लक्ष नक्षत्राच्या चरणाकडे आणि त्यावरून निघणाऱ्या अक्षराकडे जास्त. तीही जन्माची परिस्थितीच, फक्त ती वाचायला पंचांग लागतं आणि पंचांग वाचणारा लागतो. वार सगळ्यांना फुकट होता.

पण मला लिहायचं आहे ते या नावांतल्या एका वेगळ्या जातीबद्दल. योरुबा लोकांत एकामागून एक मुलं दगावली की म्हणत, हे वेगवेगळं मूल नव्हेच. तेच एक मूल पुन्हा पुन्हा जन्म घेतं आणि पुन्हा पुन्हा जातं. त्याला ते अबिकु म्हणतात. मग पुढच्या मुलाला नाव ठेवायचं ते त्याला अडवण्यासाठी. मालोमो, पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, थांब आणि आयुष्य भोग. कोकुमो, आता हा मरणार नाही. आणि याच रांगेत एक नाव येतं आतान, म्हणजे उकिरडा.

हे वाचून मराठी माणसाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. कचरू, केरू, उकर्डा, धोंडू, दगडू, भिकू, फकिरा. आणि बायकांत कचराबाई, दगडाबाई, धोंडाबाई, भिकाबाई. ही नावं नुसती तोंडाने ठेवली जात नसत. आधीची दोन-तीन मुलं गेलेली असली की नव्या मुलाला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवत. ठरल्याप्रमाणे शेजारीण तिथे येई, मूल उचलून घेई आणि मोठ्याने सांगे की मला हे केरात सापडलं. मग आई पसाभर धान्य देऊन आपलंच मूल तिच्याकडून विकत घेई. ज्याला कोणी मोल दिलं नाही, जे या घरचंच नाही, त्याच्याकडे मृत्यू कशाला बघेल? बंगालात तिनकौडी, पाचकौडी ही नावं अशाच विक्रीतून आली. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि त्याला नथू म्हणायचं, म्हणजे मुलगी समजून काळ पुढे जाईल, हाही त्यातलाच प्रकार. आज ऐतिहासिक मालिकांमुळे तरुण मुलं हौसेने कानात भिकबाळी घालतात. घरोघर भीक मागून जमवलेल्या पैशांतून मुलाला घडवायची म्हणून ती भिकबाळी, असं जुनी माणसं सांगत. तो दागिना एका घाबरलेल्या घराचा आहे.

या भीतीला आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस बघत नसत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात हाच आकडा १६ होता. बारसं बाराव्या दिवशी का, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. नवजात मुलांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. विळ्याने कापलेल्या, राख लावलेल्या नाळेतून धनुर्वात होई आणि तो सहाव्या-सातव्या दिवसाच्या आगेमागे मूल घेऊन जाई. पाचवी-सहावीची रात्र जागवायची, सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि हा घाट ओलांडला की मग नाव. योरुबा आठव्या दिवशी नाव ठेवतात. दोन्हीकडच्या आयांनी आपल्या मुलांचे मृत्यू मोजूनच हा अवधी ठरवला असावा, असं मला वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कचरू हे नाव ठेवून त्या आया जे साधू बघत होत्या, ते असं साधलं.

आणखी एक दुवा आहे, आणि तो नागपूरला थेट योरुबांच्या देशाशी जोडतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा जगातला सर्वाधिक भार नायजेरियावर आहे. भारतात तो ज्या पट्ट्यात जास्त आहे, त्यात विदर्भ येतो: पूर्वाश्रमीचा महार समाज, गोंड, परधान, माडिया आणि इतरही काही जाती. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली. आईबाप दोघंही वाहक असले, तर दर खेपेला चारात एक शक्यता की मूल आजारी निघेल. जन्मतः काही कळत नाही, कारण गर्भातलं रक्त पहिले काही महिने त्याला सांभाळतं. मूल बाळसं धरतं, हसायला लागतं, रांगतं. मग अंग ठणकायला लागतं, हातपाय सुजतात, ताप येतो, आणि वर्षा-दोन वर्षांत ते जातं. पुढचं मूल कदाचित धडधाकट असतं, त्याच्या पुढचं पुन्हा तसंच आजारी. गाव म्हणतं, याच घरात का? अबिकुच्या कल्पनेमागे सिकलसेल असावा, असं काही अभ्यासकांनी म्हटलं आहे, आणि मला ते पटतं. विदर्भातल्या प्रत्येक कचरूमागे सिकलसेल होता असं कोणी म्हणणार नाही. पटकी होती, देवी होत्या, हिवताप होता, भूक होती. पण एकाच घरातून ओळीने मुलं जाण्याचं जे कोडं त्या माणसांना पडलं होतं, ते खरं होतं. ते अडाणी म्हणून घाबरले नव्हते.

म्हणून या नावांना ‘हीन नावं’ म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. त्याबरोबरच, ती फक्त प्रेमाची नावं होती असं गोड करून सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. शूद्राचं नाव जुगुप्सा वाटेल असं असावं, हे मनुस्मृतीत स्पष्ट सांगितलेलं आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. मग कचरू आणि दगडू हा त्या आज्ञेचा परिणाम म्हणायचा का? सरळ हो म्हणता येत नाही. १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. महर्षी कर्वे धोंडो केशव. पुण्याचा गणपती दगडूशेठांचा. मुलं सगळ्यांचीच मरत, आणि काळाला फसवायची युक्ती पेशव्यांच्या घरापासून गावकुसाबाहेरच्या झोपडीपर्यंत एकच होती.

फरक पडे तो नावाच्या शेपटीत. धोंडोला पंत लागे, दगडूला शेठ लागे. आणि गावकुसाबाहेरच्या दगडूचा दगड्या होई, कचरूचा कचऱ्या. आईने मृत्यूला फसवण्यासाठी घेतलेलं सोंग गावाने खरं धरलं आणि त्या माणसाला जन्मभर तेच म्हणून वागवलं. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये लिहिणारा दया पवार आणि सांगणारा दगडू पवार समोरासमोर बसतात. शिकलेल्या, नोकरीतल्या माणसाला आपला दगडू टाकूनही देता येत नाही आणि उघड मिरवताही येत नाही, ही अवस्था मराठीत त्याआधी कोणी इतकी उघडी केली नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात झालेल्या बौद्ध धम्मदीक्षेचा एक परिणाम पुढच्या पिढीच्या हजेरीपटावर दिसतो. गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा. वार नाही, नक्षत्र नाही, मरणाचं भय नाही. मूल कसं जन्मलं हे नाव सांगत नाही. त्याने कसं व्हावं हे सांगतं. जन्माने जे वाट्याला आलं ते मान्य नाही, हीच त्या दिवसाची घोषणा होती आणि ती बारशापर्यंत पोचली. त्यात काही जुनं हरवलं अशी हळहळ करण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. ज्याला कचऱ्या म्हणून हाक मारली गेली, त्याने आपल्या नातवाचं नाव सिद्धार्थ ठेवावं, यात पूर्ण न्याय आहे. एवढंच लक्षात ठेवावं की उत्तर द्यायचं होतं ते शेपटी लावणाऱ्या गावाला. नाव ठेवणारी आजी त्यात दोषी नव्हती.

आणि इथेच नकुशी या सगळ्यांपासून वेगळी काढावी लागते. वर्तमानपत्रं तिला धोंडू-दगडूच्या पंगतीला बसवतात. ते चूक आहे. धोंडू नको होता म्हणून धोंडू नव्हता, तो इतका हवा होता की हवा आहे हे मृत्यूला कळू द्यायचं नव्हतं. नकुशी खरोखरच नको होती. तिचं नाव तिच्यासाठी नव्हतंच, ते पुढच्या मुलग्यासाठी देवाकडे केलेलं गाऱ्हाणं होतं. हरयाणातली भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या, आणि काफी, म्हणजे पुरे, या तिच्याच बहिणी. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात जाहीर कार्यक्रम करून २८५ नकुशींना नवी नावं देण्यात आली. चांगलं झालं, शाळेत रोज हजेरीला उठून ‘नको असलेली हजर’ असं सांगावं लागणं थांबलं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांत देशात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१४ मुली होत्या. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला १९८८ साली, केंद्राचा आला १९९४ला. तरी ही स्थिती. जिला पूर्वी नकुशी नाव मिळालं असतं, तिला आता जन्मच मिळत नाही. कचरू हे नाव मृत्यू हटल्यावर आपोआप हटलं, त्यासाठी कोणाला सोहळा करावा लागला नाही. नकुशीसाठी सोहळा करावा लागतो, कारण तिच्यामागचं कारण अजून घरातच बसलेलं आहे.

आता परिस्थिती नावात येत नाही. क्वचित येते, २०२०च्या टाळेबंदीत रायपूरला जुळ्या भावंडांना कोरोना आणि कोविड ही नावं ठेवली गेली, पण ती बातमी झाली ती विचित्र म्हणून. परिस्थिती आज जन्मनोंदणीच्या अर्जात जाते. त्याच्या सांख्यिकी भागात विचारतात: आईचं वय, आजवर जिवंत जन्मलेली मुलं, प्रसूती कोणी केली, कशी झाली, बाळाचं वजन, गर्भारपणाचे आठवडे. एवढ्या रकान्यांतून योरुबांची निम्मी नावं तयार झाली असती. हा भाग वेगळा काढून आकडेवारीसाठी पुढे जातो. जन्मदाखल्यावर त्यातलं काही उमटत नाही, आणि मुलाला ते कधी दिसत नाही.

पूर्व विदर्भातल्या मतदार याद्यांत सत्तरीच्या पुढच्या कचराबाई, दगडाबाई, मंगरू अजून सापडतात. २०२३च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि आदिवासी भागांतल्या गावागावांत बोटाला टोचून रक्त तपासलं जातं. तपासणीच्या कार्डावर आणखी एक रकाना घालावा: आजी-आजोबांची नावं काय आणि ती का ठेवली. कचराबाईला विचारलं की तुमच्या आधी किती गेली, तर ती सांगते. नुसता आकडा नाही, कोण किती महिन्यांचं होऊन गेलं, कोणाचे हातपाय सुजले होते, तेही सांगते. त्या घरातल्या नातवंडांची तपासणी आधी करावी.