रिकाम्या हातांची वाट

अर्धापूरहून नांदेडकडे येताना आसना नदीचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात गोदावरीकाठचे शहर सुरू होते. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त या शहराचे रूप पालटले, त्यात नदीचे घाटही आले. नगिना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट ही नावे आता बाहेरगावच्या यात्रेकरूंनाही ठाऊक आहेत. पायांखाली सपाट फरशी, बाजूला पाणी, मध्येच बसावयास जागा. सकाळ-सायंकाळ तेथे माणसे चालत असतात. त्यांना कोठे पोहोचावयाचे नसते. ती केवळ चालत असतात.

या चालण्याविषयी आमच्या मनात पुष्कळ वर्षे एक अढी होती. लूकच्या शुभवर्तमानातील अरुंद दरवाजाचे वाचन ज्या रविवारी येते, त्या रविवारी प्रवचनाला दाखला म्हणून आम्ही घाटावरची हीच वाट घेत असू. जिला चढ नाही, काटा नाही, ती वाट माणसाला सुस्त करते, असे आम्ही सांगत असू. वाक्य चांगले बसले होते, आणि बहुधा म्हणूनच ते खरे आहे किंवा नाही हे तपासून पाहण्याची गरज आम्हांला भासली नाही.

गेल्या नाताळानंतर धर्मग्रामातील काही वयस्क स्त्रियांना तपासणीसाठी नांदेडला आणले होते. कागद हाती येण्यास दोन तासांचा अवकाश होता, म्हणून त्यांना नगिना घाटावर घेऊन गेलो. त्यांतील एक मावशी अर्धापूरच्या परिसरात केळीच्या बागांतून आयुष्यभर मजुरी करीत आलेल्या. हा परिसर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यावर हिरवा झाला. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले आणि केळी पिकू लागली, हे सर्वांना माहीत आहे. मात्र केळीचा घड झाडापासून ट्रकपर्यंत कसा जातो, याचा विचार केळी खाणारा सहसा करीत नाही. ओल्या, दाट बागेत वाहन शिरत नाही. २०-२५ किलोचा घड डोक्यावरून वा खांद्यावरून बांधावर आणि बांधावरून पांदणीने सडकेपर्यंत न्यावा लागतो. पावसाळ्यात त्या पांदणीत पाऊल घोट्यापर्यंत रुतते.

मावशी फरशीवर शंभरेक पावले चालल्या आणि थांबल्या. हातात रिकामी पिशवी होती, तिची घडी त्या पुनःपुन्हा घालीत होत्या. मग हसून म्हणाल्या, “फादर, हात रिकामे घेऊन कुठं जायचं हो? चुकल्यासारखं वाटतंय.”

आम्ही काही उत्तर दिले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांला उत्तर सुचले नाही. ज्या बाईची वाट जन्मापासून अरुंदच होती, तिला आम्ही वेदीवरून अरुंद वाटेचे महत्त्व समजावून सांगत होतो, आणि तीही डोक्यावर पदर घेऊन ऐकत होती.

त्या रात्री बायबल उघडून बसलो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात दिवस कलल्यावर गार वाऱ्यात परमेश्वर बागेत फिरत असल्याचे वर्णन आहे. पवित्र शास्त्रातील हे पहिले चालणे, आणि ते कोणत्याही कामासाठी नाही. यिर्मया संदेष्टा सतराव्या अध्यायात शब्बाथाविषयी बोलतो तेव्हा त्याचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: त्या दिवशी कोणी ओझे वाहू नये. अनुवादाचा पाचवा अध्याय आणखी पुढे जातो आणि दास व दासी यांनाही धन्याप्रमाणेच विसावा मिळाला पाहिजे, असे स्पष्ट सांगतो. सेमिनरीत हे सारे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु शब्बाथ म्हणजे मिस्सेला येणे, इतकाच अर्थ आमच्यापाशी उरला होता. भारावाचून मोकळे चालणे हाही त्याचा एक अर्थ आहे, हे कधी ध्यानी आले नाही. आणि योहान बाप्तिस्ता यशयाच्या शब्दांत दऱ्या भरावयास, उंचवटे उतरवावयास सांगतो, ते काय माणसांना सुस्त करण्यासाठी?

मग अरुंद दरवाजाचे काय? तो आहेच. पण तो स्वतःसाठी निवडावयाचा असतो. दुसऱ्याच्या वाटेतले दगड पाहून तिच्या आत्म्याचे भले होत आहे असे मानणे, ही धर्मगुरूची फार सोयीची श्रद्धा होय. आम्ही ती बाळगली होती.

कोणी विचारील, घाटांवर पैसा घालण्यापेक्षा पांदणी नीट केल्या असत्या तर? प्रश्न रास्त आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली योजना आणली, तरी गुडघाभर चिखलाच्या पांदणी आजही आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की मावशींना कामाची वाट चांगली मिळावी आणि बिनकामाचीही मिळावी. एक देऊन दुसरी नाकारणे म्हणजे त्यांना केवळ मजूर समजणे. घाटाची ही फरशी काही स्वर्गीय आहे असेही नाही. नाल्याचे पाणी नदीला मिळते तेथे नाकाला पदर लावावा लागतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की घाट पाण्याखाली जातात; २००६ च्या ऑगस्टमधला पूर नांदेडकर विसरलेले नाहीत. पूर ओसरला की आधी गाळ उपसावा लागतो, आणि तो उपसणारे हातही बहुधा मावशींसारख्यांचेच असतात.

आता महिन्यातून एकदा, दवाखान्याचे काम नसले तरी, जीप घाटावर जाते. पायऱ्या उतरताना मावशींना हात द्यावा लागतो, सपाटीवर नाही. दुसऱ्या खेपेसही त्यांनी पिशवी आणली होती. तिसऱ्या खेपेस आणली नाही. शेजारणीने मात्र दोन आणल्या होत्या.