पुस्तक छपाईत असताना लेखकाने काय वाचावे

स्वतःचे पुस्तक स्वतः छापणाऱ्या लेखकाला एक प्रश्न टळत नाही. मजकूर अक्षरजुळणीला गेल्यापासून बांधलेल्या प्रती हातात येईपर्यंत दुसऱ्यांची पुस्तके वाचावीत का, सिनेमे-मालिका पाहाव्यात का, गाणी-कीर्तने ऐकावीत का? प्रकाशकाकडे पुस्तक सोपवलेल्याला हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण त्या टप्प्यावर मजकूर त्याच्या हातातून सुटलेला असतो. स्वयंप्रकाशकाचे तसे नाही. लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि पैसे घालणारा, सगळे तोच. शेवटचा फर्मा यंत्रावर चढेपर्यंत तो अख्खे प्रकरण बदलू शकतो.

दोन्ही बाजू नीट दिसाव्यात म्हणून हा प्रश्न पिंपळगाव रेणुकाईच्या दोन माणसांच्या तोंडी घालून पाहू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते; हंगामात आसपासच्या खेड्यांतली मिरची इथे उतरते आणि ट्रक भरून परराज्यांत जाते. एक जण मिरची लावणारा शेतकरी. त्याची पहिली कादंबरी जालन्यात जुळणीला आहे. दुसरे त्याला शाळेत मराठी शिकवलेले गुरुजी. माणसे कल्पित आहेत, पण हे बोलणे असा प्रत्येक लेखक कधी ना कधी स्वतःशी करतो.

लेखकाने पुस्तक येईपर्यंत काही वाचायचे नाही असे ठरवले आहे. तो कारण देतो: "गुरुजी, मध्ये 'बारोमास' पुन्हा हातात घेतली. थोडी पानं झाली न झाली, तोच माझ्या कादंबरीतल्या बापाचं बोलणं मला फिकं वाटायला लागलं. रात्री बसून खोडलं, नवीन लिहिलं. सकाळी पाहतो तर बाप बुलढाण्याकडचा झालेला."

बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भोकरदन तालुक्याची हद्द बुलढाणा जिल्ह्याला भिडते. दोन्हीकडची शेती आणि बोली इतकी जवळची आहे की एकीतून दुसरीत घसरताना पाय घसरल्याचे कळत नाही. परक्या देशातली कादंबरी वाचण्यात हा धोका नसतो. शेजारची वाचण्यात असतो.

गुरुजींना हे पटत नाही. "बाप फिका वाटला, तर तो आधीपासूनच फिका असेल. तुला ते त्या रात्री कळलं. पुस्तक छापून आल्यावर कळलं असतं तर बरं झालं असतं का?"

"फिका आहे की नुसता वेगळा आहे, हेच तर त्या रात्री कळत नव्हतं. मिरचीनं तोंड पोळलेलं असताना भाजीत मीठ किती, हे सांगता येतं का?"

"आणि न वाचता सांगता येतं? पावसाळ्यापासून तू फक्त स्वतःचं लिखाण वाचतोयस. त्यात काय उणं आहे हे तुला दाखवणार कोण? तुझ्याकडे संपादक नाही. दुसऱ्याचं चांगलं पुस्तक हाच तुझा संपादक. त्यालाच तू दाराबाहेर ठेवलंस."

"संपादक माझ्या वाक्यातली चूक दाखवतो. चांगलं पुस्तक त्याचं स्वतःचं वाक्य माझ्या हातात देतं."

"तुझ्या हातात आहेत ती वाक्यं तरी कुठून आली? शाळेत मी तुम्हाला महानोरांच्या 'रानातल्या कविता' वाचून दाखवल्या. तुझ्या पहिल्या प्रकरणात पाऊस येतो तो तिथून येतो. ती छाप तुला दिसत नाही, म्हणून तिला तू स्वतःचा आवाज म्हणतोस."

"ते अंगात मुरलं गुरुजी. मुरलेलं माझंच."

"मुरायला किती वर्षं लागतात?"

लेखकाकडे उत्तर नाही, आणि वाद इथेच अडकून पडतो. जुने वाचन आपले आणि ताजे परके, ही समजूत जवळजवळ सगळ्याच लेखकांची असते आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. जोतीराव फुले यांनी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ च्या सुमारास वाचले आणि 'गुलामगिरी' १८७३ साली आली. मधली पंचवीसेक वर्षे लेखकाच्या बाजूने बोलतात. पण त्याच पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना उद्देशून आहे. ती घटना जेमतेम आठ-दहा वर्षांपूर्वीची, म्हणजे त्या काळच्या मानाने ताजी. पुस्तकात दोन्ही आहेत आणि तरी प्रत्येक पान जोतीरावांचे आहे. तेव्हा वाचन किती जुने यावरून ते कोणाचे हे ठरत नाही. गुरुजींचा हा मुद्दा खोडता येत नाही.

लेखक दुसरीकडून येतो. "फुल्यांना काय म्हणायचंय ते पक्कं माहीत होतं. मला लिहिताना कळत जातं. माझ्यासारख्यानं सांभाळून राहावं."

"मग सांभाळ ना. पण दार लावून सांभाळायचं असतं हे कुणी सांगितलं? कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी स्वतः पुस्तकं काढली, तेव्हा ते एकमेकांचं वाचत होते."

गुरुजींचा रोख १९७६ साली मुंबईत सुरू झालेल्या 'क्लिअरिंग हाउस'कडे आहे. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी आपली पुस्तके छापण्यासाठी काढलेली ती संस्था. कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' त्याच वर्षी तिथून आली. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. या मंडळींकडे मोठा प्रकाशक नव्हता, पण एकमेकांचे डोळे होते. स्वतंत्र लेखक म्हणजे एकटा लेखक, असे मराठीत आता सर्रास धरून चालतात. ते खरे नाही, आणि या गैरसमजाने बऱ्याच चांगल्या पुस्तकांचे नुकसान झाले आहे.

यावर लेखक जे बोलतो ते या सगळ्या वादातले सर्वांत खरे बोलणे आहे. "गुरुजी, मला छाप पडायची भीती नाही. मला भीती आहे ती थांबवायला कुणी नसल्याची. प्रकाशक असता तर म्हणाला असता, बस, आता हात लावायचा नाही. मला कोण म्हणणार? चांगलं काही वाचलं की मी मजकूर उघडतो. उघडला की बदलतो."

या भीतीला व्यवहारात मोठा आधार आहे. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते. मध्येच एक परिच्छेद वाढला की पुढची पाने सरकतात, प्रकरणांच्या सुरुवाती हलतात, अनुक्रमणिका चुकते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. ती मुद्रितशोधनात एकेक करून शोधावी लागतात. त्यासाठी डोळ्याला अर्थ सोडून अक्षर पाहावे लागते, आणि कथेत रमलेल्या लेखकाला हे फार जड जाते. शेवटच्या प्रुफानंतर घातलेले वाक्य या चाळणीतून जातच नाही. म्हणून पुष्कळ स्वयंप्रकाशित पुस्तकांत चुका सापडतात त्या नेमक्या मागाहून सुधारलेल्या जागी.

गुरुजी क्षणभर थांबतात. "मग बंदी हाताला घाल. डोळ्याला कशाला? वाच, आणि जे सुचेल ते वेगळ्या वहीत लिही. दुसऱ्या आवृत्तीत घे."

"माझ्यासारख्याच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते का, गुरुजी?"

यावर गुरुजींकडे उत्तर नाही. थोड्या प्रती काढून त्याच विकताना दमणाऱ्या लेखकाला वही हा दिलासा नाही. जे आता गेले नाही ते कधीच जाणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

पाहण्याबद्दल दोघांचे फारसे भांडण नाही. मालिका पाहायला लागल्यापासून आपली प्रकरणे उत्कंठेवर तुटायला लागली, हे लेखक कबूल करतो, आणि गुरुजींनाही ते प्रुफात दिसले आहे. कायदा इथे कामाचा नाही. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विषय आणि कल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात, संरक्षण मांडणीला मिळते. पण प्रकरण कुठे तोडायचे याची सवय ही चोरीही नव्हे आणि स्वतःची निवडही नव्हे. ती नुसती लागते. 'फँड्री' किंवा 'सैराट' एकदा पाहून उठलेल्याला जो धोका नाही, तो रोज रात्री मोबाइलवर भाग संपवणाऱ्याला आहे.

ऐकणे मात्र निवडता येत नाही. गावात सप्ताह बसला की भोंगा घरात येतो. बाजारात मापाजवळ उभे राहिले की भावावरून चाललेली घासाघीस कानावर पडते, आणि लेखकाच्या संवादांचे मूळ तेच आहे. "हे बंद करू का?" असे तो विचारतो तेव्हा गुरुजी उलट सल्ला देतात: "ऐकू नकोस, ऐकव. आसूड लिहिताना फुल्यांनी तेच केलं."

१८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' तयार होत असताना जोतीरावांनी तो पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकठिकाणच्या लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्याच्या सयाजीरावांनीही तो ऐकला. पुढे 'दीनबंधू' या वृत्तपत्राने पहिले दोन भाग छापून बाकीचे थांबवले. म्हणजे छापणाऱ्याने ग्रंथ अडवला, आणि ऐकणाऱ्यांपर्यंत तो त्याआधीच पोचला होता.

लेखकाला हे पटते. तो बाजाराच्या ओट्यावर चार शेतकऱ्यांना एक प्रकरण वाचून दाखवायला तयार होतो. पण लगेच विचारतो, "त्यातला एक जण म्हणाला, आपल्याकडं असं कुणी बोलत नाही, तर?"

"तर बदल."

"आत्ताच म्हणालात, हाताला बंदी."

"ती पुस्तकं वाचून होणाऱ्या बदलाला. हा माणूस तुझ्या बापाच्या वयाचा, तुझ्याच शिवारातला."

"मग सदानंद देशमुख परके आणि हा आपला? महानोर पळसखेड्याचे, ते कुठं बसवायचे?"

गुरुजी म्हणतात, जो तोंडावर सांगतो त्याला उलट विचारता येते, पुस्तकाला विचारता येत नाही. लेखक म्हणतो, तोंडावर सांगणाऱ्याचे मन मोडवत नाही, म्हणून त्याचेच ऐकणे जास्त घातक. एवढे मात्र ठरते की ते प्रकरण छपाईला जाण्याआधी ओट्यावर वाचायचे, आणि वाचताना पेन गुरुजींकडे ठेवायचे.