आधी विचारा, मग पुसा

दिवाळीला पुण्याहून पोरगं अकोल्याला नाहीतर बडनेऱ्याला उतरतं. फराळाचं ताट रिकामं होत नाही तोच बाबा म्हणतात, "तो कम्प्युटर पाह्य बरं जरा, लय हळू चालून राह्यला." पोरगं पाहतं तर पडद्यावर जाहिरातींचा सुळसुळाट आणि पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. "काय डाऊनलोड केलं होतं?" त्याचा आवाज चढतो. उत्तर ठरलेलं, "म्या काहीच नाही केलं बाप्पा!"

व्हायरस काढायचं काम माझ्या मते इथेच बिघडतं. लेकराच्या उलटतपासणीपुढे बाप खरं बोलत नाही. पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला होता, की 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याने फोनवरून एखादं ॲप टाकायला लावलं? पहिल्यात बहुधा फायलींचा घोळ असतो, दुसऱ्यात थेट खात्याला धोका. हे कळल्याशिवाय उपाय ठरणार कसा?

मग पुण्याची विद्या पाजळली जाते, "फॉरमॅट मारून टाकतो." फॉरमॅट सोपा वाटतो, कारण त्यात आपलं काही जात नाही. जातात ते बाबांचे सातबारे, पीकविम्याच्या पावत्या, नातीचे फोटो. खरं तर तो शॉर्टकटवाला व्हायरस बहुतेक वेळा फायली खात नाही. तो त्या लपवतो आणि त्याच नावाची खोटी पाटी बाहेर लावतो. पाटी काढायची, घर पाडायचं नाही.

व्हायरस जुने, तसा त्यांच्यावरचा उपायही जुनाच. आयबीएम पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, 'ब्रेन', १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात स्वतःचं नाव-पत्ताही घातला! इकडे पुण्यात कैलास काटकरांकडे दुरुस्तीला येणाऱ्या कम्प्युटरांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, संजयने, ते काढणारे प्रोग्राम लिहिले. पुढे त्यातूनच क्विक हील हे अँटीव्हायरस उभं राहिलं. फाईल राखून तिच्यातला रोग तेवढा काढायचा, हीच या धंद्यातली खरी कारागिरी. फॉरमॅट काय, कोणीही मारतं.

तेव्हा आधी इंटरनेट तोडा. कागदपत्रं आणि फोटो वेगळ्या डिस्कवर घ्या, प्रोग्राम मात्र घेऊ नका. मग विंडोजमधल्या डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे दडून बसलेला व्हायरसही सापडण्याची शक्यता वाढते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी फोनवरून. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रकार असेल, तर व्हायरस काढल्याने कुलूप उघडत नाही; तिथे बहुतेक वेळा आधी घेऊन ठेवलेली प्रतच कामी येते. आणि घरात अजून विंडोज १० असेल, तर त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झालेत, हेही बाबांना सांगा.

हे सगळं त्यांना शेजारी बसवून करा. त्यांच्या फायली उघडण्याआधी त्यांना विचारा. आणि खात्यातून पैसे गेल्याचं त्यांनी कबूल केलं, तर एका शब्दानेही न रागावता आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. तिथे उशीर परवडत नाही.